अर्ज वेळेत केला, वय मात्र थांबले नाही : नागरिकत्वाच्या प्रलंबित अर्जांविषयी खुले पत्र

प्रति,
केंद्रीय गृह मंत्रालयातील नागरिकत्वविषयक अधिकारी,
महाराष्ट्र शासनाचा गृह विभाग,
आणि नागरिकत्वाचे अर्ज स्वीकारणारे राज्यातील सर्व जिल्हाधिकारी

विषय : नागरिकत्वाच्या अर्जांवरील विलंबामुळे अर्जदारांची, विशेषतः अल्पवयीन मुलांची, पात्रताच संपुष्टात येत असल्याबाबत.

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाचा नागरिकत्वाचा अर्ज एका ओळीचा शेरा मारून परत आला. आई अद्याप भारतीय नागरिक नसल्यामुळे हा अर्ज विचारात घेता येत नाही, असे त्यावर लिहिले आहे. शेरा वाचून आम्हांला आश्चर्य वाटले नाही, परंतु तो निमूटपणे स्वीकारणेही शक्य झाले नाही, कारण आईचा अर्ज याच यंत्रणेकडे प्रलंबित आहे. त्यात काढलेल्या त्रुटीची पूर्तता आम्ही केव्हाच केली असून त्याची पोचपावती आमच्याजवळ आहे. भाऊ पुढच्या वर्षी अठरा वर्षांचा होईल आणि त्या दिवशी अल्पवयीन म्हणून नोंदणी करून घेण्याचा त्याचा मार्ग बंद होईल. आमच्या घरात हे पूर्वी एकदा घडून गेले आहे. ते पुन्हा घडू नये, आणि महाराष्ट्रातील अशा इतर घरांतही घडू नये, यासाठी मी हे पत्र सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहीत आहे.

आमचे घराणे सिंधमधील शिकारपूरचे. आजोबांचा जन्म 1938 चा, म्हणजे फाळणीपूर्वीचा. जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगल झाल्यानंतर सिंधी हिंदूंची मोठी लाट भारतात आली आणि तिच्याबरोबर आजोबांचे थोरले भाऊ खानदेशात येऊन स्थायिक झाले. घरदार आणि दुकान सांभाळण्यासाठी बाकीचे कुटुंब मागे राहिले, तेव्हा दहा वर्षांचे असलेले आजोबाही राहिले. थोरल्या भावाच्या नागरिकत्वाचा प्रश्न संविधानानेच सोडवला. संविधानाच्या अनुच्छेद 6 नुसार 19 जुलै 1948 पूर्वी पाकिस्तानातून येऊन येथे राहिलेल्यांना वेगळा अर्ज करावा लागला नाही, आणि त्या तारखेनंतर आलेल्यांना सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर नेमलेल्या अधिकाऱ्याकडे नोंदणी करता येत होती. लक्षावधी लोक उघड्यावर होते. कल्याणच्या छावणीचे उल्हासनगर होत होते, दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांनी वसवलेल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीचे गांधीनगर होत होते, आणि सरकारजवळ ना संगणक होते ना पुरेसे कारकून. तरीही त्या पिढीला आपण कोणत्या देशाचे हे काही महिन्यांत समजले. त्याच घरातील, पण उशिरा आलेल्या माणसांना मात्र ते समजायला निम्मे आयुष्य लागते आहे.

आम्ही 2006 मध्ये, मुनाबाव आणि खोखरापार या मार्गाने थार एक्स्प्रेस पुन्हा सुरू झाली त्या वर्षी, भारतात आलो. मी आठ वर्षांची होते. मुनाबावला पासपोर्टवर पडलेला प्रवेशाचा शिक्का हा आमच्या घरातील सर्वांत जपून ठेवलेला कागद आहे, कारण पुढे प्रत्येक टेबलावर तोच मागितला गेला. मला मराठी शाळेत तिसरीत घातले. वर्षभरात मी शुद्धलेखनात वर्गात पुढे होते, हे सांगताना मला आजही आनंद होतो. नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार अर्जदाराला संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा पुरेशी अवगत असावी लागते. सिंधी त्या अनुसूचीत 1967 पासून आहे, तरीही मी माझ्या अर्जात मराठी लिहिली, आणि भाषेचा दाखला माझ्या शाळेतील बाईंनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिला. या भूमीशी माझे नाते कोणी तपासू पाहिले तर त्याला माझी हरकत नाही. पोलीस पडताळणी, गुप्तचर अहवाल, चारित्र्याची प्रतिज्ञापत्रे यांची आवश्यकता मी मान्य करते. शेजारी देशाशी आपले संबंध कसे आहेत हे आम्ही इतरांपेक्षा जास्त जाणतो. माझी तक्रार तपासणीविषयी नाही. तपासणीला कालमर्यादा नसते आणि त्या काळात अर्जदाराची पात्रता झिजत जाते, याविषयी आहे.

हे कसे घडते ते जरा तपशिलाने सांगते, कारण ज्यांना हा कायदा वापरावा लागत नाही त्यांना ते सहजासहजी कळत नाही.

नागरिकत्व अधिनियम, 1955 च्या कलम 5 नुसार भारतीय वंशाच्या व्यक्तीला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीद्वारे नागरिकत्व मागता येते. भारतीय वंशाची व्यक्ती म्हणजे जिचा स्वतःचा किंवा जिच्या आई-वडिलांपैकी एकाचा जन्म अविभाजित भारतात झाला आहे अशी व्यक्ती. आजोबा या व्याख्येत बसत होते आणि त्यांचे पुत्र म्हणून वडीलही बसत होते. मी बसत नाही. माझा जन्म 1998 चा आणि आई-वडील दोघेही फाळणीनंतर जन्मलेले, त्यामुळे एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या तीन पिढ्यांपैकी दोन कायद्याच्या दृष्टीने भारतीय वंशाच्या आणि तिसरी परकी ठरली. आईची अडचण आणखी वेगळी होती. तिच्या आई-वडिलांचा जन्मही फाळणीपूर्वीचा, परंतु त्याचा एकही कागद कोणाजवळ नव्हता, म्हणून तिला वडिलांबरोबर अर्ज करता आला नाही.

माझ्यासारख्या मुलांसाठी कायद्यात एक सरळ वाट आहे. आई-वडील नागरिक झाले की त्यांच्या अल्पवयीन अपत्याची नोंदणी होऊ शकते. वडिलांनी सात वर्षे पूर्ण होताच 2013 मध्ये अर्ज केला, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. त्यांच्या अर्जाचा निर्णय दोन वर्षांत लागला असता आणि आईच्या कागदांचा प्रश्नही सुटला असता, तर मीही त्याच वेळी नोंदले गेले असते. वडिलांना नागरिकत्व मिळाले 2019 मध्ये. मी 2016 मध्येच अठरा वर्षांची झाले होते. आमच्याकडून कोणताही कागद उशिरा गेला नव्हता. फाईल जिल्ह्यातून मंत्रालयात, मंत्रालयातून दिल्लीला आणि एका शंकेपायी दिल्लीहून पुन्हा जिल्ह्यात आली. ती शंका आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याविषयी होती. तो सिंधीत, अरबी धाटणीच्या लिपीत लिहिलेला आहे, आणि ती लिपी वाचून शपथेवर भाषांतर करून देणारा माणूस आमच्या शहरात मिळेना, कारण येथे वाढलेल्या सिंधी मुलांना ती येतच नाही. अखेर उल्हासनगरच्या एका वृद्ध निवृत्त शिक्षकांनी ते काम विनामूल्य करून दिले. आजोबा मात्र या साऱ्या काळात दीर्घ मुदतीच्या व्हिसावरच राहिले आणि त्यावरच वारले.

वय उलटल्यामुळे मला नोंदणीची वाट सोडून कलम 6 च्या, म्हणजे प्रदीर्घ वास्तव्याच्या आधारे मिळणाऱ्या नागरिकत्वाच्या वाटेला जावे लागले. त्यासाठी अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षे भारतात राहिल्याचा पुरावा लागतो. तो अर्जही पडून राहिला. मग पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या मुस्लिमेतर अल्पसंख्याकांसाठी 2019 मध्ये झालेल्या नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम 11 मार्च 2024 रोजी अधिसूचित झाले आणि आई व मी नव्या संकेतस्थळावर नव्याने अर्ज केले. नव्या पद्धतीत बऱ्याच गोष्टी सुधारल्या आहेत आणि त्या मान्य न करणे अन्यायाचे होईल. 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांसाठी अकरा वर्षांची अट पाच वर्षांवर आली. मुदत संपलेला पासपोर्टही पुरावा म्हणून चालतो. मूळ देशाच्या नागरिकत्वाचा त्याग अर्जातील घोषणेने होतो, त्यासाठी त्या देशाच्या उच्चायुक्तालयाच्या दारात उभे राहावे लागत नाही. जिल्हास्तरीय समितीवर डाक अधीक्षक असतात, राज्यस्तरीय समितीवर जनगणना संचालक असतात. मी संविधानावरील निष्ठेची शपथ डाक विभागाच्या एका साध्या खोलीत घेतली, आणि मला प्रमाणपत्र मिळाले. त्या प्रक्रियेतील अधिकाऱ्यांनी मला जी सौजन्याची वागणूक दिली तिच्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आईचा अर्ज मात्र नावापाशी अडला. लग्नानंतर तिने पहिला पासपोर्ट काढला तेव्हा त्यावर तिच्या वडिलांचे नाव होते, नूतनीकरणानंतर नवऱ्याचे आले, आणि व्हिसाच्या कागदांवर तिच्या स्वतःच्या नावाचे स्पेलिंग एका अक्षराने बदलले आहे. सिंधमधून आलेल्या बहुतेक स्त्रियांच्या कागदांत हा फरक सापडेल. आम्ही प्रतिज्ञापत्र दिले, राजपत्रात नावाची नोंद केली आणि ओळखीचे दोन भारतीय नागरिक साक्षीला दिले. त्यानंतर काय झाले ते आम्हांला ठाऊक नाही. संकेतस्थळावर ‘प्रक्रियेत’ एवढेच दिसते.

आणि आता भावाविषयी. त्याचा जन्म 2009 चा, खानदेशातल्या सरकारी रुग्णालयातला. 3 डिसेंबर 2004 नंतर भारतात जन्मलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळण्यासाठी आई-वडील दोघेही, किंवा एक जण नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, असा असावा लागतो. त्याच्या जन्माच्या वेळी वडिलांना नागरिकत्व मिळायला दहा वर्षे होती, त्यामुळे तो जन्माने भारतीय नाही. पाकिस्तानचा पासपोर्ट त्याच्याजवळ कधीच नव्हता आणि तो देश त्याने पाहिलेला नाही. नव्या कायद्याखाली अर्ज करावा तर त्याच्या अर्जात भारतात प्रवेश केल्याची तारीख आणि पुरावा मागितला जातो. ज्याचा जन्मच येथे झाला त्याने प्रवेशाची कोणती तारीख लिहावी? अल्पवयीन अपत्य म्हणून अर्ज करावा तर आई-वडील दोघेही नागरिक हवेत असे सांगून तो परत केला जातो. उद्या तो अठराचा झाल्यावर सज्ञान व्यक्ती म्हणून अर्ज करू लागला की त्याच्याकडे परदेशी पासपोर्टाची प्रत मागितली जाईल, आणि ती तो कोठून आणणार, याचे उत्तर मला आजवर कोणत्याही कार्यालयात मिळालेले नाही.

यंदा तो बारावीला आहे. राज्याच्या प्रवेश प्रक्रियेसाठी वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र लागते. सेतू केंद्रातील मुलाने त्याचे सगळे कागद व्यवस्थित लावून घेतले : जन्माचा दाखला येथला, पहिलीपासूनची शाळा येथली, दहावीची गुणपत्रिका राज्य मंडळाची. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापाशी त्याचा हात थांबला, त्याने फॉर्म पुन्हा पिशवीत घालून दिला आणि ‘हे माझ्याच्याने होणार नाही ताई, साहेबांना विचारा’ असे हळू आवाजात सांगितले. साहेबांनाही ते ठरवता आले नाही, आणि त्यात त्यांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्यांच्यासमोर तसा कोणताही लेखी आदेश नाही.

माझ्या मते सगळ्या तक्रारींचे मूळ येथे आहे. अर्ज प्रलंबित ठेवणे म्हणजे निर्णय न घेणे, असे प्रशासनाला वाटते. पण ज्या कायद्यात वयाच्या, वास्तव्याच्या आणि नातेसंबंधांच्या अटी आहेत, तेथे प्रलंबित ठेवणे हाच निर्णय ठरतो, आणि तो अर्जदाराच्या विरुद्ध असतो. त्यावर कोणाची सही नसते, त्याला कारण जोडलेले नसते, म्हणून त्याविरुद्ध अपीलही करता येत नाही.

यात जिल्ह्याजिल्ह्यांत केलेला भेद भर घालतो. डिसेंबर 2016 मध्ये केंद्र सरकारने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांच्या अर्जांवर निर्णय घेण्याचे अधिकार सात राज्यांतील सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले. महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर हे जिल्हे त्यात होते. मे 2021 मध्ये आणखी तेरा जिल्हे जोडले गेले, ते गुजरात, राजस्थान, छत्तीसगड, हरियाणा आणि पंजाबमधील होते. खानदेश, विदर्भातील इतर शहरे आणि कोल्हापूर येथेही सिंधी वस्त्या फाळणीपासून आहेत, आणि तेथे नंतर येणारी माणसे आपल्या नातेवाइकांजवळच येऊन राहतात. नागपूरच्या जरीपटक्यात राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीची फाईल तेथील जिल्हाधिकारी कार्यालयातच निकाली निघाली, आणि आमची मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करत राहिली. दोघींचे मूळ गाव एक, येण्याचे वर्ष एक आणि कायदाही एकच, फरक फक्त पत्त्याच्या पिन कोडचा.

दीर्घ मुदतीच्या व्हिसावर जगणे म्हणजे काय, यावर मी थोडक्यातच लिहिते. केंद्र सरकारने 2016 मध्ये आदेश काढून दिलेल्या सवलतींमुळे बँक खाते, पॅन, आधार, वाहन परवाना आणि स्वतःला राहण्यापुरते घर घेणे शक्य झाले, राज्यात मोकळेपणी फिरता येऊ लागले, आणि नागरिकत्वाच्या नोंदणीचे हजारो रुपयांचे शुल्क शंभर रुपयांवर आले. हे फार मोठे साहाय्य होते. परंतु त्या आदेशाची माहिती बँकेच्या शाखेत, महाविद्यालयाच्या कार्यालयात किंवा मोबाइल कंपनीच्या दुकानात कोणालाही नसते, आणि दर वेळी आपणच त्याची छापील प्रत काढून दाखवावी लागते. राज्याची हद्द ओलांडणे हा तर वेगळाच विषय आहे. आमचे निम्मे नातेवाईक बऱ्हाणपूरला आहेत. जळगावहून लोक तेथे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात, पण ते मध्य प्रदेशात आहे. मावशीच्या मुलीच्या लग्नाला आई हळदीलाही पोहोचू शकली नाही आणि अक्षतांनाही नाही, कारण पोलीस अधीक्षक कार्यालयातून परवानगी यायची होती, आणि ती लग्नानंतर आली.

एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा, हिंदूंना आधीच दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, असे परराष्ट्र मंत्रालयाने स्पष्ट केले. तो खुलासा वेळेवर आला आणि त्याने आम्हांला धीर दिला. तरीसुद्धा त्या दिवसांत आई घराबाहेर पडली नाही. ज्यांच्या हिंसेला आणि भीतीला कंटाळून तिने जन्मभूमी सोडली, त्यांच्याच देशाचे नाव तिच्या कागदावर अजून आहे, आणि गल्लीतील नवीन भाडेकरू तिच्याकडे त्या नावाने पाहतील या विचाराने ती खचली होती. अर्ज वेळेवर निकाली निघाला असता तर तिला हे सोसावे लागले नसते.

मग अर्जाचे काय झाले ते विचारायचे कोणाला? सर्वसामान्य भारतीय अशा वेळी माहितीचा अधिकार वापरतो. पण माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 3 ने तो हक्क फक्त नागरिकांना दिलेला आहे. नागरिकत्वाच्या फाईलवर काय चालले आहे हे जाणण्याची सर्वांत जास्त गरज ज्याला आहे, त्यालाच ते विचारता येत नाही. माझे प्रमाणपत्र आल्यावर मी आईच्या अर्जाविषयी माहिती मागवली, तर ती त्रयस्थ व्यक्तीची माहिती असल्याचे कारण देऊन नाकारण्यात आली. मुलीने आईची चौकशी केली तर ती त्रयस्थ, आणि आईने स्वतःची केली तर ती नागरिक नाही.

न्यायालयाचा दरवाजा खुला आहे हे मी जाणते. संविधानाचे अनुच्छेद 14 आणि 21 केवळ नागरिकांना नव्हे, तर प्रत्येक व्यक्तीला लागू आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात स्थानिक अधिकाऱ्यांनी नोंदणीचे अर्ज आपल्याच पातळीवर अडवून ठेवणे बेकायदा ठरवून ते केंद्र सरकारकडे पाठवण्याचा आदेश दिला होता. पण किराणा दुकानात वजनकाट्यावर उभे राहून संसार चालवणाऱ्या कुटुंबाने प्रत्येक शेऱ्यासाठी औरंगाबाद खंडपीठात याचिका करावी, अशी अपेक्षा कोणत्याही जबाबदार शासनाची नसावी.

ज्यांची वाट आमच्याहून बिकट आहे त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही. 31 डिसेंबर 2014 नंतर आलेल्यांना नव्या कायद्याचा लाभ नाही. सप्टेंबर 2025 च्या सूट आदेशाने 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्यांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईपासून संरक्षण मिळाले, पण नागरिकत्वाची तारीख पुढे सरकली नाही. या लोकांना अजून पासपोर्ट चालू ठेवावा लागतो, त्यासाठी दिल्लीला जावे लागते, आणि शेवटी मूळ देशाकडून त्यागाचे प्रमाणपत्र आणावे लागते. पाकिस्तानात ते एकवीस वर्षांखालील व्यक्तीला मिळतच नाही. पासपोर्ट जमा केलेल्या पण हे प्रमाणपत्र न मिळालेल्या दोन बहिणींचे प्रकरण केरळ उच्च न्यायालयापर्यंत गेले आहे. त्या बहिणी मुस्लिम आहेत, मी सिंधी हिंदू आहे, आणि मला त्यांची अडचण माझीच वाटते. भारतीय नागरिकाशी विवाह करून सात वर्षे येथे राहिलेल्या व्यक्तीला कलम 5 नोंदणीचा हक्क देते, आणि त्यात धर्माचा रकाना नाही. अशा सुना महाराष्ट्रातही आहेत आणि त्यांच्या फायली याच कपाटांत आहेत. मी आज भारताची नागरिक म्हणून बोलत आहे. वेळेवर निर्णय मागताना केवळ माझ्या समाजापुरता तो मागणे, मी ज्या संविधानावर शपथ घेतली त्याला धरून होणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडते.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत अर्ज दाखल केल्याच्या दिवशीचे वय ग्राह्य धरावे, निर्णयाच्या दिवशीचे नव्हे, आणि आई-वडिलांनी अर्ज केला त्या वेळी अल्पवयीन असलेल्या सर्व मुलांना हाच नियम लावावा. यासाठी कायदा बदलावा लागत असेल तर तसा प्रस्ताव मांडावा. तोपर्यंत कलम 5 च्या उपकलम (4) ने केंद्र सरकारला विशेष परिस्थितीत कोणत्याही अल्पवयीन मुलाची नोंदणी करण्याचा अधिकार दिलेलाच आहे, तो भारतात जन्मलेल्या आणि कोणत्याही देशाचा पासपोर्ट नसलेल्या मुलांसाठी वापरावा. माझ्या दृष्टीने ही सर्वांत तातडीची मागणी आहे, कारण बाकीच्या गोष्टींना थोडा उशीर झाला तरी त्या दुरुस्त होऊ शकतात.

जिल्हा, राज्य आणि केंद्र या तिन्ही पातळ्यांवर अर्जाची मुदत ठरवावी, ती प्रसिद्ध करावी, आणि मुदत उलटल्यास कारण लेखी कळवावे. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे आणि साध्या उत्पन्नाच्या दाखल्यालाही त्याखाली दिवस ठरलेले आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या नागरिकत्वाच्या कामाच्या टप्प्यापुरती तरी तशीच शिस्त राज्य सरकारला लावता येईल.

निर्णयाचे अधिकार काही निवडक जिल्ह्यांपुरते न ठेवता राज्यातील सर्व जिल्हाधिकाऱ्यांना द्यावेत.

अर्जदाराला स्वतःच्या फाईलची स्थिती, त्यातील त्रुटी आणि ती कोणाकडे आहे, हे ‘प्रक्रियेत’ या एका शब्दापलीकडे संकेतस्थळावर दिसावे. स्त्रियांच्या नावांतील फरकासाठी एकच प्रतिज्ञापत्र सर्व पातळ्यांवर मान्य करावे.

भारतात जन्मून येथेच शिकलेल्या आणि अर्ज प्रलंबित असलेल्या विद्यार्थ्यांना, निर्णय होईपर्यंत, राज्याच्या प्रवेश प्रक्रियेसाठी अधिवासाचे तात्पुरते प्रमाणपत्र देण्याचा लेखी आदेश तहसीलदारांना द्यावा. बारावीच्या निकालानंतर प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात, म्हणून हा आदेश त्यापूर्वी निघणे आवश्यक आहे.

त्यागाच्या प्रमाणपत्राऐवजी, पासपोर्ट जमा केल्याची पावती आणि शपथेवरील घोषणा सर्व अर्जदारांकडून स्वीकारावी. नव्या नियमांखाली अशी घोषणा काही अर्जदारांकडून आजही स्वीकारली जाते, त्यामुळे प्रशासनाला ती अपरिचित नाही.

आईच्या अर्जाचा क्रमांक आणि भावाच्या परत आलेल्या अर्जाची प्रत या पत्राच्या टपालाने पाठवलेल्या प्रतीसोबत जोडली आहे. खासगी माहिती असल्याने ती येथे दिलेली नाही. भावाचा अर्ज त्याच्या अठराव्या वाढदिवसापूर्वी पुन्हा दाखल करून घ्यावा आणि आईच्या अर्जावर काय निर्णय झाला ते लेखी कळवावे. निर्णय विरोधात असला तरी चालेल, मात्र त्यावर कारण आणि सही असावी, म्हणजे आम्हांला पुढे कोठे दाद मागायची ते ठरवता येईल.

आपली विश्वासू,
खानदेशातील एक भारतीय नागरिक